सत्तावीस श्वासांचा हिशोब

पनवेल-रोहा लोहमार्गावर आपट्यानंतर जिते हे लहानसे स्थानक लागते. गावाचा बाजारहाट पेणशी जोडलेला. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध घातले, तेव्हा सुमारे दोन लाख ठेवीदारांचा पैसा अडकला आणि त्याची झळ साऱ्या पंचक्रोशीला लागली. मोर्चे निघाले, समित्या झाल्या, न्यायालयात दावे गेले. त्या सर्वांची नोंद आहे. ठेवीदाराच्या शरीरात काय अडकले, याचे खाते मात्र कोणी उघडले नाही.

धोका जाणवताच शरीर पळण्याची किंवा लढण्याची तयारी करते. हृदयाची गती वाढते, श्वास उथळ होतो, जबडा, खांदे आणि पोट आवळले जाते. वाघ समोर आला तर ही तयारी उपयोगी पडते. बँकेच्या बंद दारापुढे तिचे काय करणार? ती खर्ची पडत नाही आणि महिनोन्महिने अंगात राहते. रात्री तीनला जाग येते, फोन वाजला की छातीत धस्स होते. गादी मुलाच्या हाती सोपवताना किंवा महामार्गाच्या रुंदीकरणात दुकान हलवावे लागताना असेच घडू शकते. व्यापारी घरात याला 'पित्त' किंवा 'वय झाले' म्हणून मिटवले जाते, कारण घाबरलेला शेठ बाजारात शोभत नाही, अशी समजूत आहे.

अशा वेळी 'चिंता करू नका' हा उपदेश निरुपयोगी ठरतो. म्हणून काही मानसोपचारांत आरंभ शरीरापासून होतो. एडमंड जेकबसन या अमेरिकन वैद्याने १९२९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत एकेक स्नायू आधी ताणायचा, मग सोडायचा. ताण आणि सैलपणा यांतील फरक अंगाला कळला, की मनाची घालमेलही उतरू लागते.

जैन कुटुंबांना यात अनोळखी काही नाही. सहा आवश्यकांपैकी पाचवे आवश्यक कायोत्सर्ग, म्हणजे कायेवरील पकड सोडणे. त्यापूर्वीच्या 'अन्नत्थ' सूत्रात श्वास, खोकला, शिंक, जांभई, ढेकर, चक्कर यांना सूट दिलेली आहे. शरीर काय काय करते, याचे इतके बारीक निरीक्षण करून ही सूट ठरली, हे विशेष! १९७५ मध्ये मुनी नथमल, पुढचे आचार्य महाप्रज्ञ, यांनी प्रेक्षाध्यानाची मांडणी केली. त्याचाही आरंभ कायोत्सर्गानेच होतो.

प्रश्न आचरणाचा आहे. दिगंबर परंपरेत नऊ णमोकारांना सत्तावीस श्वासोच्छ्वासांचे माप आहे; श्वेतांबर परंपरेत एका लोगस्सला पंचवीस. स्वस्थ माणूस मिनिटाला साधारण पंधरा श्वास घेतो, म्हणजे सत्तावीस श्वासांना जवळजवळ दोन मिनिटे हवीत. घाईच्या सकाळी हेच नऊ णमोकार अर्ध्या मिनिटात उरकतात, दात आवळलेले आणि डोळे घड्याळाकडे! संख्या जुळते, पण काया काही सुटत नाही.

एक सावधगिरी हवी. मोठा आघात सोसलेल्या काही व्यक्तींना डोळे मिटून स्थिर बसल्यास भीती अधिकच दाटते. त्यांना 'अजून बसा' असा आग्रह करणे अपायकारक आहे. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, तळपाय जमिनीवर टेकवावेत, खोलीतील पाच वस्तू नजरेने मोजाव्यात किंवा अंगणात फेऱ्या माराव्यात. छातीत दुखत असेल, तर आधी हृदयाची तपासणी. झोप आठवडेच्या आठवडे हरपली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर कायोत्सर्ग, सामायिक, घरचा काढा यांच्या भरवशावर न राहता मानसोपचारतज्ज्ञाकडेच जावे.

केंद्र सरकारची टेली-मानस ही निःशुल्क सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येते. दुकानाच्या भिंतीवर जेथे वीज मंडळाचा आणि गॅसचा क्रमांक लिहिलेला असतो, तेथे या पाच आकड्यांना जागा आहे.