पिंजऱ्याखालच्या वाट्या

दर पावसाळ्यात दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, घरात पक्षी आहेत. त्यांच्यामुळे तर हा ताप आला नसेल?" या प्रश्नाला काही वर्षांपूर्वी मी चुकीचे उत्तर दिले होते.

आमच्या भागातल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे चार बजरीगर होते. आपल्याकडे सगळे त्यांना लव्हबर्ड म्हणतात. यजमान गेल्यानंतर बाईंचा दिवस त्या पिंजऱ्यापासून सुरू होई. राळे घालणे, पाणी बदलणे, खालचा कागद काढणे. नातवाला डेंग्यू झाला तेव्हा सूनबाईंनी मला वरील प्रश्न विचारला. बाहेर रुग्णांची रांग होती. मी औषधाच्या चिठ्ठीवरून मानही वर न करता म्हणालो, "देऊन टाका. कशाला जोखीम?" बाईंनी त्याच आठवड्यात पक्षी देऊन टाकले.

पुढच्या पावसाळ्यात सूनबाईंनाच डेंग्यू झाला. या वेळी मी घरी गेलो होतो, म्हणून गॅलरीत डोकावलो. पिंजरा नव्हता, पण त्याचा लोखंडी स्टँड होता आणि त्यावर आता कुंड्या मांडल्या होत्या. स्टँडच्या चारही पायांखाली, मुंग्या चढू नयेत म्हणून ठेवलेल्या पाण्याच्या वाट्या तशाच होत्या. त्यांपैकी तीन वाट्यांत अळ्या वळवळत होत्या.

डेंग्यूचा विषाणू पक्ष्यांमध्ये राहत नाही. तो माणसाकडून एडिस डासाकडे आणि त्या डासाकडून पुन्हा माणसाकडे जातो. हा डास दिवसा चावतो, माणसाचेच रक्त पसंत करतो आणि घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. म्हणजे दोष पक्ष्यांचा नव्हता, वाट्यांचा होता. मी पक्षी घालवले आणि वाट्या ठेवल्या. बाईंना हे सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "मला तेव्हाच वाटलं होतं. पण तुम्ही डॉक्टर." त्यांनी पुन्हा पक्षी आणले नाहीत.

तथापि, पक्षी आणि डास यांचा संबंधच नाही, असे समजणे ही दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. घाण पाण्यात, गटारात, सेप्टिक टाकीत वाढणारा क्युलेक्स डास संध्याकाळनंतर बाहेर पडतो आणि पक्षी व माणूस दोघांनाही चावतो. याच जातकुळीतल्या डासांमधून पसरणारा वेस्ट नाईल हा विषाणू मुळात पक्ष्यांचा आहे. 1937 साली तो युगांडात प्रथम सापडला. त्यानंतर बासष्ट वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये जे घडले, ते वयस्कर वाचकांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी मुद्दाम ऐकावे असे आहे.

1999 च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील एका रुग्णालयात डॉ. डेबोरा अ‍ॅस्निस यांच्याकडे वयस्कर रुग्ण आले. ताप, गोंधळलेले मन आणि हातापायांतली शक्ती गेलेली. दोन रुग्णांत सारखीच लक्षणे दिसताच त्यांनी शहराच्या आरोग्य विभागाला कळवले. तपासणीनंतर तो सेंट लुईस मेंदूज्वर असल्याचे जाहीर झाले आणि डासांवर फवारणी सुरू झाली. त्याच सुमारास शहरात कावळे मरून पडत होते. पण माणसांचे डॉक्टर माणसांकडे पाहत होते आणि कावळ्यांची नोंद भलत्याच कचेरीत होत होती.

ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील रोगनिदानतज्ज्ञ ट्रेसी मॅक्नमारा यांनी मात्र दोन्हीकडे पाहिले. सप्टेंबरच्या आरंभी त्यांच्याकडचे फ्लेमिंगो, पाणकावळे असे पिंजऱ्यातले पक्षीही दगावू लागले आणि मृत पक्ष्यांच्या मेंदूला सूज आढळली. त्यांचा तर्क साधा पण बिनतोड होता. कोंबड्या आणि टर्की ठणठणीत आहेत, तेव्हा हा बर्ड फ्लू किंवा मानमोडी नव्हे. अमेरिकेतल्या घोड्यांच्या मेंदूज्वराने ईमू पटापट मरतात; पण ईमू मजेत आहेत, म्हणजे तोही नव्हे. आणि सेंट लुईसचा विषाणू पक्ष्यांत राहतो खरा, पण त्यांना मारत नाही. मग माणसांचे निदान तरी बरोबर कसे? त्यांनी नमुने पाठवले, पाठपुरावा केला आणि सप्टेंबर संपता संपता उत्तर आले : वेस्ट नाईल. अमेरिका खंडात तो तोवर कधीच आढळला नव्हता. त्या साथीत 62 रुग्ण नोंदले गेले, 7 दगावले. रुग्णालयात दाखल झालेल्यांत बहुतेक पन्नाशीपुढचे होते.

पिंजऱ्यातल्या पक्ष्यावर लक्ष ठेवण्याचे मोल यातून कळते. अमेरिकेत काही ठिकाणी तर मुद्दाम पहाऱ्याच्या कोंबड्या पाळतात. ठरावीक दिवसांनी त्यांचे रक्त तपासतात. त्यात प्रतिपिंडे दिसली की त्या भागातल्या डासांत विषाणू आल्याचे कळते. कोंबडी स्वतः सहसा आजारी पडत नाही आणि तिच्या रक्तात विषाणू इतका अल्प असतो की तिच्याकडून डासांना लागण होत नाही.

आपल्याकडे हा विषाणू अनोळखी नाही. केरळात 2019 मध्ये मलप्पुरम जिल्ह्यातील एका लहान मुलाचा त्याने बळी घेतला आणि 2022 मध्ये त्रिशूरमध्ये एक प्रौढ रुग्ण दगावला. त्याचा भाऊबंद असलेला जपानी मेंदूज्वर भातशेतीतल्या डासांतून पसरतो. त्याचा विषाणू बगळ्यांत आणि डुकरांत वाढतो. हे वाचून घरातल्या बजरीगरकडे संशयाने पाहू नये. वेस्ट नाईल पोपटवर्गीयांना क्वचितच गंभीर आजारी करतो आणि ते तो फारसा पसरवतही नाहीत.

महाराष्ट्रात पाळीव पक्ष्याला डासामुळे होणारा, डोळ्यांना दिसणारा विषाणुजन्य आजार म्हणजे देवी. परसातल्या कोंबड्यांच्या तुऱ्यावर, चोचीच्या कडेला आणि डोळ्यांभोवती खपलीच्या गाठी येतात. कबुतरांनाही येतात. गाठी घशात झाल्या की पक्षी खाणे सोडतो. कोंबड्यांसाठी पंखाच्या पातळ कातडीत टोचायची लस पशुवैद्यकाकडे मिळते. ती पिल्ले लहान असतानाच द्यावी. गावाकडची एक आजी मला विचारत होती, कोंबडीची देवी नातीला लागेल का? लागत नाही. कांजिण्यांना इंग्रजीत चिकनपॉक्स म्हणतात, यापलीकडे कोंबडीचा त्या आजाराशी संबंध नाही.

आता घरात काय करावे. सर्वांत आधी पाणी. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. पक्ष्याचे पिण्याचे व आंघोळीचे पाणी तर रोज बदलावे. मात्र नुसते ओतून चालत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. भांडे घासलेच पाहिजे. मुंग्यांसाठी वाट्या ठेवायच्याच असतील तर पाण्यावर थोडे खाद्यतेल सोडावे. फ्रिजमागचा ट्रे, कुलर, कुंड्यांखालच्या ताटल्या विसरू नयेत. क्युलेक्ससाठी सेप्टिक टाकीच्या व्हेंट पाइपला जाळीचे कापड बांधावे. गुडघे धरलेल्या आजोबांनी यासाठी स्टुलावर चढू नये. हे काम घरातल्या तरुणांचे.

दिवेलागणीपूर्वी पिंजरा आत घ्यावा किंवा त्यावर मच्छरदाणीचे कापड टाकावे. कापड गजांपासून चार बोटे दूर असावे, नाहीतर पक्षी दोरे कुरतडतो आणि त्यात पाय अडकतो. पक्ष्याजवळ कॉइल, फवारा किंवा कडुनिंबाची धुरी नको. पक्ष्याची श्वसनसंस्था धुराला फार नाजूक असते. घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याच्यासाठीही नकोच.

पक्षी आजार लपवतो. म्हणून एक वही ठेवावी : किती खाल्ले, विष्ठा कशी होती, आणि आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर वजन. पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसणे, मान तिरपी होणे, दांडीवरून पडणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. पक्ष्याला औषध सांगण्याचा मला अधिकार नाही आणि माणसांच्या गोळीचा तुकडा त्याला देण्याचा आपल्यालाही नाही. जाता जाता, आपला देशी पोपट पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

परिसरात एकाच वेळी अनेक कावळे मरून पडलेले दिसले तर हात लावू नये. आपल्याकडे त्यामागे डासांपेक्षा बर्ड फ्लू असण्याचा संभव अधिक. जानेवारी 2025 मध्ये उदगीरला तसे घडले. पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्याला कळवावे, ते नमुने नेतात.

आणि माणसाविषयी. वेस्ट नाईलची लागण झालेल्या दर पाचांपैकी चौघांना काहीच होत नाही. सुमारे दीडशेत एकाच्या मेंदूवर वा मज्जासंस्थेवर परिणाम होतो, आणि साठीपुढे हे प्रमाण वाढते. त्यावर माणसांसाठी लस नाही, नेमके औषधही नाही. तापात आजी वेगळेच बोलू लागल्या, दिवसा उठवूनही उठेनात, मान वाकेना, किंवा एका हातापायातली शक्ती गेली, तर "वय झालं, तापात बरळतात" असे म्हणून सकाळची वाट पाहू नका. ताप डेंग्यूचा, जपानी मेंदूज्वराचा की आणखी कशाचा, हे रुग्णालय ठरवील. तिथे पोहोचल्यावर घरात पक्षी आहेत, परिसरात पक्षी मेले आहेत, हेही न विचारता सांगा. डॉक्टर घाईत असले तरी सांगा.