टपावर टाच

जीपच्या डोक्यावरचा कापडी टप फाटला की वऱ्हाडातल्या दहा माणसांपैकी नऊ माणसे एकच सल्ला देतात, "पत्रा ठोका ना भाऊ!" उरलेला दहावा वेल्डर असतो. तो सल्ला देत नाही, थेट माप घेतो.

या पत्रापंथाशी माझे जाहीर भांडण आहे. बँकेच्या काउंटरमागे बसून कुणाशी भांडता येत नाही. तिथे समोरचा कितीही चुकला तरी आपण "बसा ना साहेब" म्हणायचे असते. म्हणून हे भांडण कागदावर.

निमित्त आमच्या मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या जीपचे. मूर्तिजापूरकडच्या शेतावर असते. सरकारी लिलावात घेतलेली, माझ्या नोकरीहून जुनी आणि माझ्याहून कमी रजा घेणारी. तिचा टप यंदा चैत्रातल्या वावटळीत फाटला. मेहुणा म्हणाला, "भाटवे, कायले कापडात पैसे घालता? पत्रा मारला की जनमभराची कटकट गेली." घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. जावयाचे मत विचारण्याची पद्धत आमच्याकडे जेवणापुरतीच आहे.

आता पाहा. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो. अमरावतीकर अकोल्याच्या उन्हाला हसतात, पण हसताना डोक्याला दुपट्टा असतोच. अशा उन्हात लोखंडी पत्रा जी उष्णता घेतो, ती खाली बसलेल्यांना चक्रवाढ व्याजाने परत करतो. आमचा कोणताही मुदत ठेवीचा दर इतका उदार नाही. कापडी टपाचे बाजूचे पडदे गुंडाळून पट्ट्यांनी बांधता येतात, वारा आरपार जातो. पत्रा गुंडाळता येत नाही. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर कोण बसते? कार्तिकात वेचणीच्या बाया, वैशाखात लग्नाची मंडळी. वैशाखातले वऱ्हाड बंद डब्यात भाजून मंडपी उतरवायचे, ही कुठली रीत? ड्रायव्हरच्या शेजारी बसून पत्र्याची शिफारस करणाऱ्याला एकदा दुपारी दोन वाजता मागे बसवा. बडनेऱ्याच्या आत त्याचे मत बदलेल.

यावर पत्रापंथी हुकमाचा एक्का काढतात. "गाडी उलटली तर कापड वाचवणार आहे का?" नाही वाचवणार, कबूल. पण तुमच्या वेल्डरने चार टाके मारून चिकटवलेला पत्राही वाचवणार नाही. वाचवतो तो चासीला पक्का बांधलेला रोल-बार, आणि त्याच्यावर कापड छान बसते. उलट डोक्यावर जितके वजन चढवाल तितका जीपचा तोल वर सरकतो आणि वळणावर ती उलटायला जास्त राजी होते. म्हणजे उलटल्यावर वाचण्यासाठी आधी उलटण्याची सोय करायची.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी पुस्तकातला तपशील आणि कंपनीने दिलेला मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठासून सांगितले. फाटलेल्या टपाच्या जागी तसाच टप घालणे ही दुरुस्ती. कापडाच्या जागी कायमचे लोखंडी छत उभे करणे हा गाडीचा पुनर्जन्म, आणि पुनर्जन्माची नोंद आर.टी.ओ.त करावी लागते. आम्हा बी.कॉम. लोकांना हा भेद दुसऱ्या वर्षालाच शिकवतात. जुने पूर्ववत करण्याचा खर्च महसुली, नवे काही उभे करण्याचा भांडवली. मेहुण्याला हे समजावले तर म्हणाला, "खर्च तं खिशातूनच जाते ना जी?" सी.ए. लोकांनी या वाक्यावर विचार करावा.

पत्र्याखालोखाल माझा राग रेक्झिनवर. दिसायला गुळगुळीत, नवे असताना नवरदेवासारखे चकचकीत. हे म्हणजे कापडावर दिलेला पी.व्ही.सी.चा लेप. त्याला मऊ ठेवणारे द्रव्य उन्हाने हळूहळू निघून जाते. मग ते ताठते आणि घडीवर तडकते. नेमके जिथे टप दुमडायचा तिथेच. मागची पारदर्शक प्लास्टिकची खिडकीही तशीच. टप उघडताना ती घडीत चुरगाळली की दोन उन्हाळ्यांत तिच्यातून मागचा ट्रक ढगासारखा दिसू लागतो.

आणि सुती कॅन्व्हास? जाड, घट्ट विणीचा, मेण चढवलेला. पाऊस पडला की सुताचे तंतू फुगतात आणि विणीतली छिद्रे आपोआप बुजतात. शिवण सुती दोऱ्याची असेल तर तो दोराही फुगून सुईचे भोक भरतो. नायलॉनचा दोरा मजबूत खरा, पण भोक होते तसेच ठेवतो. पाऊस चालू असताना ओल्या कापडाला आतून बोट लावू नये, लावले की तिथून ठिबकते. आणि ओला टप घडी घालून ठेवू नये, बुरशी धरतो. नवे कापड पहिल्या पावसात आक्रसते, म्हणून कापतानाच सैल ठेवावे लागते. एवढी पथ्ये आहेत. पण कापूस पिकवणाऱ्या मुलखाला कापसाची पथ्ये जड का व्हावीत?

कारण हा आपला माल आहे, वाचकहो! लिव्हरपूलच्या बाजारात या भागातल्या कापसाला 'उमरा' म्हणत. हे नाव आले उमरावतीवरून, म्हणजे आपल्या अमरावतीवरून. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस अडला आणि इकडे वऱ्हाडात पैशाचा पाऊस पडला. आखूड, भरड धाग्याचा म्हणून त्याला नावे ठेवली जात. पण जाड कापडाला नाजूक धागा हवा कशाला? त्या मुलखातला शेतकरी आज कापूस मोंढ्यावर घालतो, भाव ऐकून मान खाली घालतो आणि परतताना जीपसाठी प्लास्टिक विकत आणतो. मामाजींनी चाळीस वर्षे कपाशी पेरली. त्यांच्या डोक्यावर चार वार सुती कापड नको म्हणणारा मेहुणा त्याच कपाशीच्या पैशावर शिकला, हे मी त्याला बोललो नाही. बायको शेजारी उभी होती.

एका गोष्टीत मात्र विरोधकांची बाजू खरी आहे. टप शिवणारे कारागीर उरलेले नाहीत. तयार सीट-कव्हरे लावून देणारी दुकाने गल्लोगल्ली, पण कमानी मोजून, कापड बेतून, डोळे ठोकून, बक्कल लावून टप शिवणारा एखादाच. तो गेला की वाद मिटला, पत्रापंथ बिनविरोध. म्हणून मी म्हणतो, आजच त्याला काम द्या. जीप घ्यायला बँक कर्ज देते. त्याला जाड कापड शिवायचे मशीन घ्यायला कर्ज मागितले तर आमच्या धंद्यातले लोक जामीनदार मागतात. मी याच धंद्यात आहे, तरी म्हणतो.

जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले, गिनीज बुकात नोंद झाली. याच मार्गाच्या अकोल्याकडच्या टोकाला एक म्हातारा कारागीर आहे. मेहुणा रुसला, मामाजी हसले आणि कापड त्याच्याकडे गेले.

"कधी देता जी?"

"पोळ्याले देतो."

पोळा श्रावणाच्या अमावास्येला, पाऊस ज्येष्ठात. मी ॲडव्हान्स दिला, पावती घेतली, आणि पावतीवर पोळ्याचे सालही लिहून घेतले.