धाराशिवच्या मुलांनी कोणती इंग्रजी बोलावी?

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झाली. तेव्हा तुळजापूर, भूम, परंडा, उमरग्याच्या शाळांत पाटी घेऊन बसलेली मुले आता नोकरीच्या वयाची आहेत. त्यांतल्या अनेकांना इंग्रजी वाचता येते, कामापुरती लिहिता येते. तरी पुण्याला मुलाखतीला निघताना धास्ती वाटते ती उच्चारांची. ‘अमेरिकन अ‍ॅक्सेंट’ शिकवणारे क्लास याच धास्तीवर चालतात. इंग्रजीचा कोणता एक प्रकार प्रमाण मानायचा, हा प्रश्न म्हणूनच आपल्या जिल्ह्याचाही आहे. आमचे मत स्पष्ट आहे : लेखनाला शिस्त हवी, पण बोलण्यासाठी कोणत्याही एका देशाची इंग्रजी प्रमाण मानण्याचे कारण नाही.

इंग्रजीला फ्रेंचसारखी भाषेचे नियम ठरवणारी अकादमी नाही. इंग्लंडातल्या सॅम्युएल जॉन्सनचा कोश १७५५ चा, नोआ वेब्स्टरचा अमेरिकन कोश १८२८ चा. तेव्हापासून स्पेलिंगच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदत आहेत. परदेशी शिक्षणासाठी द्यावी लागणारी आयईएल्टीएस परीक्षाही दोन्ही स्वीकारते, फक्त एकीत दुसरी मिसळू नये एवढेच बघते. याहून बोलके उदाहरण वैमानिकांचे. एका शब्दाच्या घोटाळ्याने जिथे जीव जाऊ शकतात, तिथेही आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या भाषा-कसोटीत लंडन किंवा न्यूयॉर्कचा उच्चार मागितलेला नाही. उच्चारावर मातृभाषेची छाप असली तरी चालते. तिने समजण्यात वारंवार अडथळा येऊ नये, एवढीच अट आहे.

मराठीत आपण हेच करत आलो. साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये लेखनाचे नियम केले, १९७२ मध्ये त्यांत भर घातली. पण ‘काय करायलास?’ असे विचारणाऱ्या धाराशिवकराला कोणी बोलणे बदलायला लावले नाही, आणि जिथे कोणी हसले तिथे ते हसणेच चुकीचे होते. धाराशिव शहरात जानेवारी २०२० मध्ये ९३ वे मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्ष होते वेगळ्या बोलीच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. उमरग्याकडे कन्नडचा शेजार, गावोगावी दखनी उर्दू : वेगवेगळे सूर ऐकण्याची सवय इथल्या कानांना आधीपासूनच आहे.

मग वर्गात काय शिकवायचे? इंग्रजी ही परस्परांची संपर्कभाषा म्हणून बोलणाऱ्यांचा अभ्यास भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेन्किन्स यांनी केला. २००० साली आलेल्या त्यांच्या पुस्तकातले निष्कर्ष आपल्या शिक्षकांच्या फार उपयोगाचे आहेत. ‘थिंक’मधला पहिला ध्वनी आपण मराठी ‘थ’सारखा काढला तर सहसा काही बिघडत नाही. स्वराची लांबी चुकली तर मात्र बिघडते. मराठी बोलताना इकार ऱ्हस्व की दीर्घ याने सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून आपली मुले जहाजाला ‘शिप’ आणि मेंढीला ‘शीप’ म्हणताना एकच स्वर काढतात. ‘पेन’, ‘टेन’सारख्या शब्दांच्या सुरुवातीला श्वासाचा हलका झोतही लागतो, तो नसेल तर परक्या कानाला ‘पेन’चे ‘बेन’ ऐकू येऊ शकते. जिभेला अमेरिकन ‘र’चा पीळ देण्यात जाणारा वेळ इथे दिला पाहिजे. लेखनासाठी पाठ्यपुस्तकांतली ब्रिटिश धाटणीची स्पेलिंगे आहेत. तीच पक्की करावीत, कारण एक रीत हाती असली की दुसरी ओळखता येते.

मुलाखत घेणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. उमेदवाराचे म्हणणे तुम्हाला कळले का, आणि तुमचे त्याला कळले का, एवढेच तपासा. परंड्याचा मुलगा परंड्याचा वाटतो, म्हणून त्याचे गुण कापू नका.