पंचवीस शिलिंगांचा फ्रॉक

मे १९६४. लंडनच्या ‘डेली मिरर’मध्ये एका फ्रॉकचं छायाचित्र छापून आलं. गुलाबी-पांढऱ्या चौकड्यांचा साधा सुती फ्रॉक, पाठीला खिडकी आणि त्याच कापडाचा डोक्याला बांधायचा रुमाल. किंमत पंचवीस शिलिंग, म्हणजे सव्वा पौंड. पैसे टपालाने पाठवायचे, फ्रॉक टपालाने यायचा. मागण्या आल्या १७,००० च्या आसपास!

हा फ्रॉक बार्बरा हुलानिकी यांचा आणि ब्रँडचं नाव बिबा. (आपल्या मॉलमधली सलवार-कमीझची बिबा मीना बिंद्रांची. तिचा या बिबाशी संबंध नाही.) हुलानिकींचा जन्म १९३६ चा, वॉर्सातला. १९४८ मध्ये कुटुंब जेरुसलेमला असताना वडिलांची हत्या झाली आणि आई तिन्ही मुलींना घेऊन इंग्लंडला आली. पुढे बार्बरा वर्तमानपत्रांसाठी फॅशनची रेखाचित्रं काढू लागल्या. जे कपडे त्या कागदावर उतरवत, ते टायपिस्ट किंवा दुकानात काम करणाऱ्या मुलीला परवडणारे नव्हतेच. नवरा स्टीफन फिट्झ-सायमन जाहिरात क्षेत्रातला. त्यांनी व्यवहार सांभाळला, बार्बरांनी कपडे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केन्सिंग्टन भागात, अॅबिंग्डन रोडवरच्या एका जुन्या औषधांच्या दुकानात बिबाचं पहिलं दुकान उघडलं. विकायला तपकिरी रेघांचा एकच फ्रॉक, तोही एकाच मापाचा. तासाभरात सगळे संपले. आत उजेड मंद, गाणी मोठ्याने लावलेली, कपडे लाकडी हॅटस्टँडवर लटकवलेले, आणि कपडे घालून बघायला सगळ्यांना मिळून एकच खोली. ‘काय हवंय’ म्हणून मागे लागणारं कुणी नाही. खिशात मोजके पैसे असलेल्या मुलीला दुकानात पाऊल टाकताना जो संकोच वाटतो, तो या बाईंना पुरता कळलेला होता. मला बिबाबद्दल जिव्हाळा वाटतो तो यामुळेच.

रंगही त्यांनी भलतेच निवडले. त्या काळच्या तरुणांच्या कपड्यांत भडक रंगांची चलती होती. हुलानिकींनी आणले जांभळट, गंजके, आलुबुखारासारखे रंग, म्हाताऱ्या आत्या-मावश्यांचे म्हणावेत असे. शिवण तर लगेच ओळखू यावी अशी. खांदा अरुंद, मुंढा उंच आणि बाही दंडाला इतकी घट्ट की कोपर वाकवताना त्रास व्हावा. शिवणकाम करणारीला मुंढ्याचं महत्त्व सांगायला नको. बहुतेक तयार कपड्यांत तो खोल ठेवतात, म्हणजे कुणालाही बसतो. पण हात वर केला की अख्खा कपडा वर ओढला जातो. उंच मुंढ्याने अंग सडपातळ दिसतं, बांधा रेखीव वाटतो. युद्धोत्तर रेशनिंगमध्ये वाढलेल्या बारीक मुलींना ते शोभलं. जाड अंगाच्या बाईला मात्र तिथून हात हलवत परतावं लागे आणि ही उणीव मी झाकणार नाही.

दुकानं मोठी होत गेली. १९७३ मध्ये बिबा ‘डेरी अँड टॉम्स’ या डिपार्टमेंट स्टोअरच्या सात मजली इमारतीत गेली, गच्चीवरच्या बागेत फ्लेमिंगो पक्षी. पाहायला लोटणारी गर्दी अफाट, पण सगळेच काही विकत घेत नसत. त्यात तेलसंकट आलं, १९७४ च्या सुरुवातीला ब्रिटनमधले उद्योग आठवड्याला तीनच दिवस चालले. १९७५ मध्ये बिबाला कुलूप लागलं.

कलावंत बाईला हिशेब कळला नाही, हातपाय नको तेवढे पसरले, अशीच ही गोष्ट बहुधा सांगितली जाते. मला ते पटत नाही. बिबाचा मोठा हिस्सा १९६९ मध्येच ‘डोरोथी पर्किन्स’ या कपड्यांच्या कंपनीकडे गेला होता आणि पुढे तो ‘ब्रिटिश लँड’ या जमीनजुमल्याच्या कंपनीच्या हाती आला. निर्णय कुणी घ्यायचे, यावरून खटके उडाले आणि हुलानिकी स्वतःच्याच दुकानातून बाहेर पडल्या. चूक झाली असेल तर मालकी हातची जाऊ देण्याची. सात मजल्यांना दोष देऊन ती झाकली जाते.

पुढे त्यांनी मायामीत हॉटेलांची अंतर्गत सजावट केली, नाव कमावलं. ‘बिबा’ हे नाव मात्र एकाकडून दुसऱ्याकडे विकलं जात राहिलं. त्या नावाने पुन्हा पुन्हा कपडे बाजारात आले, तेही बहुतेक वेळा त्यांच्याविना. अखेर २०१४ मध्ये हे नाव ज्यांच्याकडे होतं त्या ‘हाउस ऑफ फ्रेझर’ने त्यांना बोलावलं, सल्लागार म्हणून.