कोठारातला शब्द

मासिकाला आपण 'मॅगझिन' म्हणतो. हा शब्द इंग्रजी खरा, पण त्याचे मूळ अरबी आहे. अरबीत 'मखजन' म्हणजे कोठार. हा शब्द इटली व फ्रान्समार्गे इंग्रजीत गेला. तिथे दारूगोळ्याच्या कोठारालाही 'मॅगझिन' म्हणू लागले. १७३१ साली लंडनच्या एडवर्ड केव्ह यांनी आपल्या मासिकाला हेच नाव दिले. मासिक म्हणजे लेखांचे कोठारच! १९०१ साली लाहोरहून 'मखजन' नावाचे उर्दू मासिक निघाले. उर्दूतला 'खजाना' आणि मराठीतला 'खजिना' हेही याच कुळातले. मग मराठीला परकी का समजावे? नवी भाषा शिकताना पुष्कळदा आपलेच शब्द वेश बदलून भेटतात. त्यांना ओळखा, भीती आपोआप जाईल.