पावसावर सोपवलेली नदी

चंद्रपुरात एक शहाणपण वर्षानुवर्षे ऐकू येते. नदीचे कोणी काही बिघडवू शकत नाही. उन्हाळ्यात ती जरा काळवंडते, मृग बरसला की सगळे धुऊन निघते. शिवाय इथल्या पाण्यात फ्लोराइड मुळातलेच, शहराचे सांडपाणीही नदीतच, आणि कारखाने बंद केले तर पोरांनी खायचे काय? एवढ्यात इरई, झरपट, वर्धा या नद्या आणि जिल्ह्याचे भूजल निकालात निघाले!

धुऊन निघते, पण जाते कुठे? इरई हडस्तीजवळ वर्धेला मिळते, वर्धा पुढे वैनगंगेला, आणि तीच प्राणहिता होऊन सिरोंच्याकडे उतरते. म्हणजे चंद्रपूरचे धुणे गडचिरोलीच्या घाटावर.

तेही सगळे जात नाहीच. इथल्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट, आणि भारतीय कोळशात राख बहुधा ३० ते ४५ टक्के. ही राखड पाण्यात कालवून पाइपातून बंधाऱ्यात सोडली जाते. कण तळाला बसतात, वर नितळ पाणी दिसते. पण त्यात बोरॉन, आर्सेनिक, सेलेनियम विरघळलेले असू शकते. तळाला अस्तर नसेल तर ते मुरते. भूजल कित्येकदा वर्षाला काही मीटरच सरकते. त्याला पूर येत नाही. विहीर भरणारा पाऊस राखडीतून, खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यांतून झिरपतच खाली येतो. कोळशाबरोबरच्या पायराइटला हवा-पाणी लागले की आम्ल आणि सल्फेट तयार होते. ज्या पावसाला धोबी नेमले, तोच कपडे मळवतो. नदीतले जड धातू गाळात बसतात आणि गाळातून मासळीत चढतात. जपानच्या मिनामाता येथे पारा पातळ करायला अख्खा उपसागर होता. तरी तो माशांत साठला आणि १९५६ मध्ये तिथल्या रोगाची नोंद झाली. इथे मासळीवर जगणाऱ्या ढीवरांना मात्र पावसाची वाट बघायला सांगायचे.

युक्तिवाद नवा नाही. चिमणी उंच बांधली की धूर गेलाच, असेही एकेकाळी सांगितले जाई. पुढे २००९ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथे आले, आणि २०१० मध्ये नव्या प्रकल्पांना काही काळ थांबवावे लागले. धूर बहुधा परत आला असावा.

फ्लोराइड खडकातलेच, हे खरे. पण लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वरचे पाणी खोल बोअरमधून तोंडी आले, तेव्हा पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडले. खडकाने विष आधीच कालवले, सबब कारखान्यालाही वाटा द्यावा, हा न्याय अजब आहे. सांडपाण्याचे म्हणाल तर मान्य. शहरातला रामाळा तलाव बघून यावा. आणि कारखाने बंद करा असे म्हटले कोणी?

करायचे ते थोडेच. राखड कोरडीच उचलून सिमेंट-विटांना द्यावी. तसे नियम १९९९ पासून आहेत. बंधाऱ्यांना अस्तर घालावे. राखडीचे बंधारे आणि खाणी यांच्याभोवतीच्या विहिरींचे पाणी मे आणि ऑक्टोबरमध्ये तपासून आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावेत. गडचिरोलीत सुरजागडला लोहखनिज निघते आहे, कोनसरीत कारखाना उभा राहिला आहे. जिथे खोदकाम अजून पोहोचलेले नाही, त्या गावांच्या पाण्याचे नमुने आत्ताच घेऊन ठेवले, तर पुढे ‘हे मुळातलेच’ म्हणायची सोय उरणार नाही.