अश्रू पुसणाऱ्या हातांचे काय?

बालकावरील अत्याचाराचे वृत्त प्रसिद्ध झाले की समाज हळहळतो, संतापतो आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या उद्योगास लागतो. त्या बालकाची हकिकत त्याच्याच तोंडून, अडखळत, तुकड्यातुकड्यांनी ऐकून अहवालात उतरविणाऱ्यांना मात्र ती विसरण्याची सोय नसते. आपल्या छत्रपती संभाजीनगरातील जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे समुपदेशक, १०९८ या मदतवाहिनीचे कार्यकर्ते, बालगृहांतील काळजीवाहक आणि बालकल्याण समितीचे सदस्य यांचे तर हे नित्याचेच काम. या माणसांच्या मनाचे काय होते, याचा विचार शासनाने आणि समाजाने आजवर गांभीर्याने केलेला नाही, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यान्वये संकटग्रस्त बालकास चोवीस तासांच्या आत समितीपुढे हजर करावे लागते. सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत पुरी करावी लागते. मुदती योग्यच आहेत; परंतु त्या पाळणारा माणूस यंत्र नव्हे. त्यातून मराठवाड्यात बालविवाहाचा प्रश्न उग्र आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरापूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के, तर परभणीत सुमारे ४८ टक्के आढळले. मांडवात शिरून लग्न थांबविणाऱ्यास वऱ्हाडाचा रोष सोसावा लागतो, आणि मुलीचे मूक डोळे घेऊन घरी परतावे लागते.

दुसऱ्याचे दुःख ऐकूनही मनास जखम होते, हे आता शास्त्रमान्य आहे. चार्ल्स फिगली या अमेरिकी अभ्यासकाने १९९५ साली या दुय्यम आघाताची सविस्तर मांडणी केली. २०१३ साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तर बाल अत्याचाराचे तपशील वारंवार ऐकावे लागणाऱ्या पोलिसांचा आपल्या निदानसूचीत उदाहरणादाखल उल्लेख केला. झोप उडणे, स्वतःच्या मुलांविषयी अकारण धास्ती वाटणे, किंवा काहीच न वाटणे, ही त्याची लक्षणे होत.

कोणी म्हणेल, ज्यांनी हे काम पत्करले त्यांनी मन खंबीर करावे. परंतु बधिर मन म्हणजे खंबीर मन नव्हे. बधिर झालेला कार्यकर्ता धोका दिसत असूनही मुलास त्याच घरी परत पाठवितो; भ्यालेला कार्यकर्ता कारण नसता त्यास आईपासून तोडतो. दोन्ही चुकांची किंमत अखेर मूलच मोजते. म्हणूनच हा प्रश्न केवळ कर्मचारी कल्याणाचा नाही. तो बालसंरक्षणाचाच आहे.

यावर चिंतनशील पर्यवेक्षण हा उपाय सांगितला जातो. पंधरवड्यातून एक ठरलेला तास, अनुभवी मार्गदर्शकासमवेत. तेथे किती प्रकरणे निकाली निघाली हा हिशेब नसतो. 'त्या घरातून निघताना तुम्हांला काय वाटले? कोणाचा राग आला? तो राग निर्णयात उतरला काय?' असे प्रश्न असतात. मिशिगन येथे सेल्मा फ्रायबर्ग यांनी १९७० च्या दशकात अर्भकांच्या मानसिक आरोग्याचे जे काम उभारले, त्या परंपरेत ही पद्धती रुजली. वर्षातून एखादे व्याख्यान किंवा योगाचे शिबिर ही तिची जागा घेऊ शकत नाही.

मानधन, कंत्राटी नेमणुका आणि अपुरे मनुष्यबळ हे प्रश्न याने सुटणार नाहीत, हे आम्ही जाणतो. ते प्रश्न शासनाने सोडविलेच पाहिजेत. परंतु ते सुटेपर्यंत हा एक तास रोखून धरण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत केंद्राच्या साहाय्याने चालणारा 'संवाद' हा उपक्रम बालसंरक्षण क्षेत्रातील कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देतो. आपल्या घाटी रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ आणि समाजकार्याचे अनुभवी अध्यापक यांना सोबत घेऊन महिला व बालविकास विभागाने हा प्रयोग या जिल्ह्यात सुरू करावा. मात्र मार्गदर्शक हा कार्यकर्त्याचा वरिष्ठ अधिकारी नसावा, आणि त्या खोलीत बोललेला शब्द सेवापुस्तिकेत जाता कामा नये. नाहीतर कोणी बोलणारच नाही.

मागणी एका खोलीची, एका जाणत्या माणसाची आणि पंधरवड्यातील एका तासाची आहे. ज्यांच्या हाती आम्ही आमची निराधार मुले निर्धास्तपणे सोपवितो, त्यांच्यासाठी एवढेही करणे आम्हांस जड जावे काय?